सागाला वाळवी

"अहो, काय करलालाव तिकडं?"

पलंगावरून पद्माचा आवाज आला तेव्हा मी कपाटाच्या पाठीला भोक पाडत होतो. मी ड्रिल बंद केलं.

"काही नाही. कपाटाला वाळवी लागलीय. साफ करतोय."

पलंगावर कूस बदलल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सागाला वाळवी?"

"मागची फळी सागाची नाही."

"लग्नात माझ्या आईला तर सगळं साग हाय म्हणून सांगितलं होतं."

"पद्मा, तू झोप बघू."

"झोपते की. ड्रिल झोपू देतंय का?"

मी आयुष्यभर कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, तो आम्ही करायचो. सगळे मला मेस्त्री म्हणतात. पद्मा औशाची, लातूरकडची. लग्न करून आली तेव्हा तिच्यासाठी मी पहिली वस्तू केली ती हे कपाट. तीन खण, आतून आरसा आणि साड्या टांगायला पितळी दांडी. आम्हाला मूलबाळ झालं नाही. तिला कोल्हापुरात येऊन तीसच्या वर वर्षं झाली होती आणि ती चांगली कोल्हापुरी बोलायची. पण आजार पोटात पसरला तशी तिची भाषा माहेरी गेली. 'करताय' म्हणायचं सोडून ती परत 'करलालाव' म्हणायला लागली. मी त्यावरून चिडवलं तर म्हणाली, "आता ह्या वयात कुणाला भ्यायचं?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या. पण खावंसं काही वाटत नव्हतं. दोन घास गेले की उलटी. गोळी दिली की ती उलटीबरोबर बाहेर. मग ती भिंतीकडे तोंड करून, उशीचा कोपरा दातात धरून पडायची. मी भांडं धरून बाजूला बसायचो. हाताला काम नसलेला माणूस घरात किती जागा अडवतो ते मला तेव्हा कळलं.

फाउंड्रीतला जुना मोल्डर बंडा लाड एकदा शहाळी घेऊन भेटायला आला. पद्माशी दोन शब्द बोलला आणि मग मला गॅलरीत घेऊन गेला.

"मेस्त्री, एक सांगू? रागावणार न्हाईसा न्हवं?"

"बोल."

"गांजा."

"काय?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आवाज करू नगासा. माझ्या मामाला असंच झालं हुतं. आमच्या मठातल्या बाबांनी थोडा थोडा दिला. मामा खायला लागला की ओ. दुखणं ऱ्हातंय तिथंच, पर माणूस त्याच्यापासनं जरा लांब जाऊन बसतंय."

"मग आणून दे."

"तीच तर गोची हाय. मठावर धाड पडली. आता कोण दारात उभं करून घेत न्हाई. बी तेवढं हाय माझ्याकडं."

"बी घेऊन काय करू? दुसऱ्या मजल्यावर राहतो मी. भिंतीला भिंत लावून हवालदार राहतो."

"म्हणून तर कपाटात." बंडानं मोबाइल काढला. त्यातल्या व्हिडिओत परदेशातल्या कुणा पोरानं कपड्यांच्या कपाटात दिवे लावून झाडं वाढवली होती. तो काय बोलत होता ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. पण फळी कुठं कापली, पंखा कुठं बसवला, वायर कुठून घेतली, ते मला बघून कळलं. त्याचं सुतारकाम अगदीच रद्दी होतं. मी म्हटलं, ह्याच्यापेक्षा मी बरं करीन.

दोन दिवसांनी बंडानं पुडी आणून दिली. देवळातला अंगारा बांधतात तशी कागदाची पुडी. कपाट तयार होईपर्यंत ती ठेवायची कुठं? मी ती देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकामागं ठेवली. एक तर देवाच्या मागं कोण हात घालत नाही. आणि दुसरं, देवाचंही जरा लक्ष राहील.

मग मी कामाला लागलो.

पद्माच्या साड्या ट्रंकेत हलवल्या. ती बघत होती. म्हणाली, "न्या, न्या. मला आता गाऊनच लागतंय." मधला खण काढला. आतून स्वयंपाकातला चंदेरी कागद चिकटवला. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा मिळाला, तो मागच्या भोकात बसवला, म्हणजे आत कोंदट होणार नाही. पांढरे दिवे लावले. दाराला आतून फेल्टची पट्टी लावली, म्हणजे उजेडाची रेघसुद्धा बाहेर दिसू नये. दाराला कुलूप होतंच. कुलूप लावलं की कपाट आधी होतं तसं दिसायचं. खूप महिन्यांनी मी केलेली एक गोष्ट मला पाहिजे तशी झाली होती.

काम करताना शिट्टी वाजवायची मला सवय आहे. गाणं वगैरे काही नाही, नुसती शिट्टी. दिवसा पद्मा काही म्हणायची नाही, उलट शिट्टीच्या तालावर तिचं बोट हलायचं. पण ऊन उतरलं की लग्नापासून तिचं एकच असायचं, "सांजच्याला शिट्टी वाजवू नये, साप येतंय." त्या आठवड्यात मी संध्याकाळीही शिट्टी वाजवत होतो. ती काही बोलली नाही. मला वाटलं, दुखण्यात तिला ऐकू गेलं नसेल.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ प्रल्हाद औशाहून येऊन गेला. ज्वारी, तूरडाळ, शेंगा, आणि कसल्या कसल्या पुड्या. बहीण-भाऊ दार लोटून बोलत बसले. जाताना जिन्यात तो माझा हात धरून रडला. म्हणाला, "दाजी, अक्काला काय पाहिजे ते द्या." मी म्हटलं, "देतोय रे."

तो गेल्यावर मी देव्हाऱ्यातली पुडी काढली आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती घालून बी पेरलं.

बी उगवलं त्या सकाळी मी कपाटासमोर उकिडवा बसून राहिलो. दोन दोन पानांचे हिरवे ठिपके. पद्मा आतून म्हणाली, "गेली का वाळवी?"

"कमी आहे."

"औषध मारलाव का?"

"मारलं."

"काय मेलं का एखादं?"

"नाही अजून."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कण्हत कुशीवर वळली.

झाडं वाढत होती, पण मला पाहिजे त्या वेगानं नाही. पद्माचं दुखणं मात्र झपाट्यानं वाढत होतं. आधी ती पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला धरून जायची. मग मला धरून जायला लागली. घरातलं एकच काम तिनं सोडलं नव्हतं, सांजचा दिवा. मी स्टूल मांडायचो, ती देव्हाऱ्यासमोर बसायची, टाक पुसायची, वात सारखी करायची. मी म्हणायचो, मी लावतो. ती म्हणायची, "तुम्ही वात तिरकी लावता."

कधी ती तळमळायला लागली आणि गोळी पोटात टिकली नाही की मी मधल्या खोलीत येऊन कपाट उघडायचो. आतला पांढरा उजेड डोळ्यांवर यायचा. मी त्या झाडांना म्हणायचो, वाढा की रे. पाणी देऊन झालेलं असायचं. दुसरं काही करण्यासारखं नसायचं. मी कपाट बंद करायचो आणि परत तिच्याजवळ येऊन भांडं धरायचो.

नंतर पानांना बोटं फुटली. एका देठावर पाच बोटं, कडेला करवतीसारखे दात. मी बंडाला बोलावलं. तो वाकून बघत राहिला आणि मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"आलं की ओ मेस्त्री! हेच ते. मठाच्या भिंतीवर चितारल्यागत पान हाय बघा."

"नक्की?"

"आता पाच बोटं मोजून घ्या की." मग त्यानं नाक आत घातलं. "वास येत न्हाई पर."

"का?"

"येईल. फुलावर आलं की येईल."

"तू झाड बघितलंयस ना बंडा?"

"झाड?" तो जरा घुटमळला. "चिलमीत बघितलंय. झाड चित्रात."

तरी मला बरं वाटलं. मी पद्माजवळ गेलो आणि म्हणालो, "थोडे दिवस कळ काढ. तुझ्यासाठी एक औषध येणार आहे."

"कुठनं?"

"येणार आहे एका ठिकाणाहून."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "येऊ द्या. मी हाय इथंच."

रविवार होता. दुपारी मी कपाट उघडून पाणी घालत होतो, तेवढ्यात मोरीत धप्पकन आवाज झाला. मला हाक न मारता ती एकटीच उठली होती. मी कपाटाचं दार लोटून धावलो. ती फरशीवर बसली होती. लागलं फारसं नव्हतं, पण उठता येत नव्हतं. ती तेव्हा एखाद्या पोरीएवढ्या वजनाची झाली होती. तरी माझ्यानं तिला उचलवेना. ओल्या फरशीवर माझेच पाय सरकत होते. मी गॅलरीतून हाक मारली.

शेजारचे सावर्डेकर हवालदार बनियन-लुंगीवर धावत आले. माणूस चांगला. "वहिनी, घाबरू नगा," म्हणत त्यांनी तिला अलगद उचलून पलंगावर ठेवलं. तिचा गाऊन भिजला होता. ती कुडकुडत होती.

"मेस्त्री, चादर द्या एक कोरडी."

मी तिचे पाय पुसत होतो. मी म्हटलं, "आणतो." पण ते आधीच मधल्या खोलीत गेले होते. घरातली चादर कपाटातच असणार. किल्ली कुलपालाच होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

मी पलंगापासूनच बघितलं, हवालदारांचं तोंड पांढरं झालं. आतल्या दिव्यानं.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"मेस्त्री," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "हे काय हाय?"

टॉवेल हातात धरून मी उभा होतो.

"मेस्त्री, मी विचारतोय. माझ्या भिंतीला लागून हे काय लावलंय तुम्ही? माझी वर्दी जाईल ओ! तुम्ही आत जाल ते वेगळंच. वहिनींना कोण बघणार?"

"भावजी," पद्मा पलंगावरून म्हणाली. तिचे दात वाजत होते. "अंबाडी हाय ती."

"काय?"

"अंबाडी. आमच्याकडची भाजी. हितं सहज मिळत न्हाई. मला खाऊ वाटली म्हणून ह्यांनी लावली."

मला वाटलं, ही माझ्यासाठी खोटं बोलतेय. मरणाच्या दारात असलेली बाई नवऱ्यासाठी पोलिसाशी खोटं बोलतेय.

"भाजी कपाटात लावत्यात का वहिनी?"

"मग कुठं लावायची? गॅलरीत तुमच्या घरातनं वाळवण असतंय. आणि ह्यांचं डोकं तुम्हाला ठाऊक न्हाई का? पान तोडून खाऊन बघा की. गांजा असला तर मला बेडी घाला. मी कुठं पळून जात न्हाई."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी एक पान तोडलं, उलटसुलट केलं, आणि तोंडात घातलं. मी डोळे मिटून घेतले.

"आं..." हवालदार म्हणाले. "लई आंबट हाय की!"

मी डोळे उघडले. ते तोंड वाकडं करून हसत होते. "आमच्या खात्यात शिकवलेलं एक पान डोक्यात बसलंय बघा, दुसरं काय दिसतच न्हाई. तुम्ही बी मेस्त्री, बोलायचं न्हाई का पटकन? असं उभं ऱ्हायलासा चोरागत." त्यांनी घरून चादर आणून दिली, तिला पांघरली, "लिंबू-बिंबू पाहिजे असंल तर सांगा वहिनी," म्हणून गेले.

मी दार लावलं. कपाटापाशी गेलो. एक पान तोडलं आणि चावलं.

आंबट. कच्च्या चिंचेसारखं.

दुसऱ्या डब्यातलं तोडलं. तेही आंबट. तिसऱ्यातलंही. मी एकेका झाडाचं पान चावत गेलो. मग खाली बसलो. इतके दिवस मी भाजीला उजेड दाखवत होतो.

"इकडं या," पद्मा म्हणाली.

मी गेलो नाही.

"या ओ. मला ओरडता येत न्हाई."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं माझा हात घेतला. तिच्या हातात काही जोर नव्हता.

"बंडाभावजी गॅलरीत बोलतात ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातंय," ती म्हणाली. "आणि तुम्ही पुडी ठेवलाव कुठं, तर खंडोबाच्या मागं. मी रोज टाक पुसते हे ठाऊक न्हाई तुम्हाला? इतकी वर्षं काय बघितलाव घरात?"

"मग?"

"मग काय. प्रल्हादला फोन करून अंबाडीचं बी आणायला लावलं. तुमच्या पुडीत ते घातलं."

"आणि त्यातलं?"

"चिमण्यांना घातलं."

"सगळं?"

"खाल्ल्या बिचाऱ्यांनी. दोन दिवस लई चिवचिव केल्या." ती हसायला लागली. हसल्यावर पोटात दुखलं म्हणून थांबली, आणि परत हसली.

मला हसू आलं नाही. "तुझ्यासाठी करत होतो मी," मी म्हणालो. "तुला जरा आराम पडला असता."

"पडला असता. न्हाई तर नसता पडला."

"बघायला तरी मिळालं असतं."

"आणि तुम्हाला धरून नेलं असतं तर? भांडं कुणी धरलं असतं माझं? सावर्डेकरांनी?"

"मग आधीच का नाही बोललीस? कपाट करायच्या आधी?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

"तवा तुम्ही शिट्टी वाजवलालाव," ती म्हणाली.

मी खांद्यानं डोळे पुसले.

"आता रडू नका. जावा, भाजी तोडा. कवळी पानं तेवढी घ्या. देठाला काटे असतेत, जपून."

आमच्या घरात अंबाडी कधी शिजली नव्हती. लग्नानंतर एकदा तिनं माहेराहून आणली होती, तर मी ताटाकडे बघून म्हणालो होतो, हा चिखल कोण खाणार? त्यानंतर तिनं ती आणली नाही. झाड कसं असतं हे मला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी ती पलंगावरून सांगत गेली आणि मी करत गेलो. पानं उकडा. पाणी पिळून टाका. तूरडाळ अन् ज्वारीच्या कण्या शिजवा. घोटा. अजून घोटा. लसूण तेलात तांबडा होऊ द्या, काळा नको. भाकरी मला येत नव्हती, ती हवालदारांच्या घरून आली.

तिनं चार घास खाल्ले. डोळे मिटून, चावत चावत. मग बोट चाटलं. मी भांडं हातात धरून बसलो होतो. उलटी झाली नाही. तिनं आणखी थोडी मागितली. मीही खाल्ली. चिखल नव्हता तो.

त्या दिवशी तिला उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी झाली. परत अंबाडी केली, तीही टिकली नाही. तिसऱ्या वेळी तिनं मान हलवूनच नको म्हटलं. दुखणं होतं तिथंच होतं, आणि ती त्याच्यापासून लांब बसू शकत नव्हती. बंडानं आणलेलं बी पेरलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. आजही माहीत नाही. कपाट अजून मधल्या खोलीतच आहे. मागची भोकं मी बुजवलेली नाहीत.

शेवटी शेवटी तिला देव्हाऱ्यापर्यंत जाता येईना. एका संध्याकाळी दिवा मी लावला. वात तिरकी लागली. ती पलंगावरून बघत होती, पण काही बोलली नाही. मी तिच्याजवळ येऊन बसलो.

"कपाट उघडं ठेवा," ती म्हणाली. मी दार उघडलं. आत खोडं उरली होती, त्यांना नवी बारीक पानं फुटत होती. उजेड पलंगापर्यंत आला.

"शिट्टी वाजवा," ती म्हणाली.

"आत्ता? सांजच्याला?"

"हां."

"साप येतो की."

"येऊ दे. दुसऱ्या मजल्यावर चढायला त्याला येळ लागतंय. तवर आपलं होतंय."

मी ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. ओठ कोरडे पडले होते. जिभेनं ओले केले, परत प्रयत्न केला. नुसतीच हवा निघाली. परत केला. आवाज येईना.

"येत नाही गं," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले होते. माझ्या हातावरचं तिचं बोट जरासं हललं, शिट्टीच्या तालावर हलायचं तसं.

"असू द्या," ती म्हणाली. "ऐकू आली."